खालच्या दोन ओळी

पत्र पहिलं
१२ जुलै
जहाजावरून, खोली ४१२

ताई,

नमस्कार. पाया पडते असं लिहिणार होते, पण तू म्हणशील, समोर असताना कधी वाकली नाहीस, आता एवढ्या लांबून कुठली वाकतेस. तेव्हा नुसताच नमस्कार. मी सुखरूप पोचले. तब्येत ठणठणीत. सामानही सगळं आलं, एक मोजा सोडून.

टिल्ले, हे तू आईला वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच ताकीद देते. लिहिलंय तसं वाच. आईला बरं वाटावं म्हणून काही गाळायचं नाही आणि पदरचं काही घालायचं नाही. शाळेत मुलांच्या वह्या सुधारतेस तशी मावशीची पत्रं सुधारू नकोस.

फोन का केला नाही, असं कोणी विचारणार नाही, कारण ताई, तू माझा फोन उचलतच नाहीस. मार्चपासून नाही. दाराशी आले तर आतूनच सांगतेस, 'टिल्लू घरी नाही.' जणू मी टिल्लूलाच भेटायला आले होते! तू मला लहानपणापासून भुंगा म्हणतेस, कारण मी कानाशी भुणभुण करते. ठीक आहे. कान बंद केलेस, आता कागदावर भुणभुणते. आणि पत्र तुला फाडताही येणार नाही, कारण ते आधी टिल्लूच्या हातात पडेल. बघ, आहे की नाही डोकं?

जहाजावर पत्रांची पेटी आहे, पण ती शेवटच्या बंदरालाच उघडते. तिथून पत्रं विमानाने जाणार आणि आम्ही मात्र दोन आठवडे किनाऱ्याकिनाऱ्याने रमतगमत परतणार. म्हणजे पत्रं माझ्या आधी पोचतील, आणि सगळी एकदम. पाकिटांवर आकडे घातलेत. त्याच क्रमाने वाचा.

जहाज म्हणजे पाण्यावर सोडलेलं हॉटेल आहे. पायाखाली गालिचे, भिंतींना सगळीकडे धरायला दांडे. जेवायला बसलं की ताटल्या सात वेळा बदलतात. मला दर वेळी वाटतं झालं आता, मी चमचा ठेवते, की आणखी एक ताटली हजर. पहिले दोन दिवस समुद्राने मला असं घुसळलं की विचारू नकोस. डॉक्टरीणबाई कानामागे चिकटपट्टी लावून गेल्या तेव्हा कुठे माणसांत आले. इथे रात्र होतच नाही. सूर्य कडेकडेने फिरत राहतो, मावळायचं नाव घेत नाही. झोपायचं तर जाड पडदा ओढून घ्यायचा आणि स्वतःला फसवायचं.

माझ्या टेबलाला एक निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची बायको आहेत. ते माणसाच्या दातांकडे बघून बोलतात, मी चष्म्याकडे बघून बोलते. छान जमलंय आमचं. त्यांच्या चष्म्याची डावी दांडी सैल होती, सारखा नाकावरून घसरायचा. दुसऱ्या घासाला मला राहवेना. पर्समधला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि तिथेच पिळली. झालं, बातमी पसरली. आता रोज न्याहारीला कोणी ना कोणी चष्मा हातात धरून उभं असतं. दुकान विकून दोन वर्षं झाली, तरी गिऱ्हाईक काही पाठ सोडत नाही.

दंतवैद्यांच्या बायकोने चौकशी केली तेव्हा मी सगळं सांगितलं. आम्हा दोघी बहिणींचं एकतीस वर्षं चष्म्याचं दुकान होतं, ताई काउंटरवर, मी आत नंबर काढायला. दुकान विकलं त्याच दिवशी दोघींनी या सफरीसाठी नावं दिली, कारण ताईला आयुष्यात एकदा पांढरं अस्वल बघायचं होतं. त्या म्हणाल्या, "मग ताई का नाही आल्या?" मी म्हटलं, "तिला बरं नव्हतं." खोटं बोलले.

खोलीत दोन खाटा आहेत. खोली आवरणारीला मी सांगितलं, बाई गं, ती खाट कोणी वापरत नाही. तरी ती रोज दोन्ही उशा थोपटून जाते. खाली उतरायच्या दाराशी एक फळा आहे. जहाजातून बाहेर पडताना आपला बिल्ला उलटा करायचा, परत आलं की सुलटा, म्हणजे कोणी बर्फावर राहून गेलं तर लगेच कळतं. ४१२च्या नावाने दोन खिळे आहेत. एकावर माझा बिल्ला लटकतो. दुसऱ्याबद्दल आज लिहीत नाही, हात भरून आलाय.

तुझा,
भुंगा


पत्र दुसरं
१५ जुलै

ताई,

अजून रागात आहेस हे गृहीत धरूनच लिहिते.

काल पहिल्यांदा जमिनीवर पाय ठेवला. त्याआधी आमची झडती झाली. बाहेरचं एकही बी इकडे येऊन रुजू नये, म्हणून प्रत्येकाचे खिसे, शिवणी, बुटांचे तळवे एका नळीने ओढून साफ करतात. कोणाच्या खिशातून गवताची काडी निघाली, कोणाच्या शेंगदाण्याचं साल. माझ्या खिशातून निघाला चष्म्याच्या बिजागरीचा एक स्क्रू. तो माणूस चिमटीत धरून बघतच राहिला. मी म्हटलं, "घाबरू नका, हा रुजत नाही."

मग रबरी होडीत बसवलं. आमच्या होडीची पुढारी एक पन्नाशीची बाई आहे, उन्हावाऱ्याने रापलेली. तिला पाखरांतलं सगळं कळतं, म्हणून तिचं नाव मी पक्षीवाली ठेवलंय. बोलते कमी. तुला आवडली असती.

वॉलरस बघितले. खरं तर आधी वास आला. कुजकी मासळी आणि ओलं घोंगडं एकत्र करून उन्हात ठेव, तसा. मग आवाज, नुसत्या ढेकरा. आणि मग ती धूडं, म्हशीएवढी, एकमेकांच्या अंगावर पसरलेली. एखाद्याने कूस बदलली की त्याचा सुळा शेजारच्याला टोचतो, शेजारचा बोंबलतो, आणि हा ढिम्म. आपल्या दुकानातल्या बाकावर रविवारी गिऱ्हाइकं बसायची ना, जरा सरका म्हटलं की तोंड वाकडं करणारी? अगदी तीच मंडळी.

दुपारी एका उभ्या कड्याखाली नेलं. कड्यावर पाखरंच पाखरं, मोजता येणार नाहीत इतकी. पक्षीवालीने होडीचं इंजीन बंद केलं आणि म्हणाली, "सगळ्यांनी डोळे मिटा. दोन मिनिटं." मिटले. ताई, काय सांगू! बाजारात बायकांची भांडणं लागल्यासारखा वरून कल्ला, त्यात पिल्लांची बारीक किरकिर वेगळी, खाली पाण्यात टपाटप उड्या, आणि एखादं पाखरू डोक्यावरून गेलं की त्याच्या पंखांचा वारा गालाला लागतो. मध्येच लांब कुठेतरी बर्फ कडाडला. डोळे उघडल्यावर दंतवैद्यांची बायको म्हणाली, "अगं बाई, मला तर डोळे मिटल्यावरच जास्त कळलं." आणि मला तिथल्या तिथे पाण्यात उडी घ्यावीशी वाटली.

आता तो मार्चमधला फोन.

जहाजाच्या ऑफिसला आपल्या दोघींच्या तब्येतीचे कागद हवे होते. तुझा कागद भरायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. तुझ्याच घरात बसून मी त्यांना फोन लावला आणि तुझं नाव काढून टाकायला सांगितलं. वर म्हटलं, "त्यांना दिसत नाही हो, त्यांना आणून काय दाखवणार?" तू स्वयंपाकघरात भांडी विसळत होतीस. नळ चालू होता, तो बंद झाला. मी फोन ठेवला तरी पुन्हा चालू झाला नाही.

दुसऱ्या दिवशी टिल्लूने तुझी लोकरीची टोपी आणि तुझी दुर्बीण माझ्याकडे आणून दिली. दुर्बिणीचा पट्टा नीट गुंडाळलेला होता. मधलं सगळं धूसर झालं तरी दर रविवारी तू ती मऊ फडक्याने पुसत होतीस, हे मला माहीत होतं. माझ्या बॅगेत आता दोन दुर्बिणी आहेत. तुझी मी इथपर्यंत का आणली, मला सांगता येणार नाही.

नंतर मी सगळ्यांना सांगत सुटले की काळजीपोटी केलं. होडीत चढता-उतरता पडली असती, कोणी निस्तरायचं? इथे एक नव्वदीचे आजोबा वॉकर घेऊन आलेत. दोन खलाशी त्यांना दंडाला धरून उचलतात आणि पुडकं ठेवावं तसं होडीत ठेवतात. आजोबा खूश, खलाशी खूश. तेव्हा काळजीचं नाव मी घेऊच नये.

खरं कारण वेगळं आहे. एवढे दिवस एका खोलीत तुझ्या समोरच्या खाटेवर बसायचं माझ्याने झालं नसतं. तुझ्या डोळ्यांमुळे नाही, माझ्याचमुळे. पण ते आज नको. जेवणाची घंटा झाली, सात ताटल्या वाट बघताहेत.

तुझा,
भुंगा

ता. क. टिल्ले, 'दिसत नाही हो' हे वाक्य गाळलं असशील तर मागे जा आणि वाच.


पत्र तिसरं
१८ जुलै

ताई,

आज एक गंमत झाली. गंमत म्हणते, शेवटी तुझं तू ठरव.

डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं, तुझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडा शाबूत आहेत. समोरचं दिसणार नाही, आजूबाजूचं दिसेल. मी शहाण्यासारखी मान हलवली. एकतीस वर्षं लोकांना हेच तर समजावून सांगत आले. पण तुझ्यासारखं एकदा बघून तरी बघावं, हे मला दीड वर्षात सुचलं नाही. त्या कड्याखाली डोळे मिटल्यापासून ते डोक्यातून जाईना. काल जहाजाच्या वायरमनकडून काळी चिकटपट्टी मागून आणली, कोटाच्या बटणाएवढे दोन गोल कापले आणि चष्म्याच्या काचांवर मधोमध डकवले. डोळा फिरवला की ठिपका हुकतो, हे तुला-मला कोणी शिकवायला नको. तरी नजर समोरच रोखून धरली तर अंदाज येतो.

आधी आरशात बघितलं. कान दिसले, केस दिसले, खांदे दिसले. तोंड नव्हतं.

ताई, तू टिल्लूला अशी बघतेस? मी खाटेवर बसले आणि खूप रडले. तुझ्याच खाटेवर बसले होते, ते नंतर लक्षात आलं.

आज न्याहारीनंतर म्हटलं, रडून काय होतंय, वर डेकवर जाऊन बघू. चष्मा तसाच ठेवला. जिन्यात दोनदा ठेचकाळले, एका माणसाला खांब समजून धरलं. डेकवर गेले तर वेगळीच धांदल. लांब बर्फाच्या पट्ट्यावर काहीतरी पिवळट दिसलं होतं. साठ-सत्तर माणसं कठड्याला चिकटून, सगळ्यांच्या डोळ्यांना दुर्बिणी, कॅमेऱ्यांच्या नळकांड्या रोखलेल्या. एक म्हणतो हललं, दुसरा म्हणतो झोपलंय, तिसरा म्हणतो पिल्लूही आहे. दंतवैद्यांनी तर त्याचा जबडाही ओळखला. मला अर्थातच काही दिसत नव्हतं. जिकडे बघावं तिकडे काळा ठिपका. मी आपली कठडा धरून उभी, नजर समोर, कशाकडेच नाही.

आणि डाव्या बाजूला काहीतरी सरकलं.

अगदी जवळ. आपल्या दुकानापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीएवढ्या अंतरावर. बर्फाचा एक तुकडा तरंगत होता, त्याच्या मागून साईच्या रंगाचं काहीतरी आलं, थांबलं, परत निघालं. मी ओरडले, "तिकडे नाही, इकडे! इकडे बघा, डावीकडे!" पक्षीवाली धावत आली. मी ठिपक्याच्या कडेने वळून बघते तर अस्वल! चांगलं थोरलं, मान पुढे काढून, पाय टाकत निघालेलं, एकटंच. सगळे इकडे धावले. ते पिवळट काय होतं म्हणशील तर मळका बर्फ निघाला. जबडा, पिल्लू, सगळं बर्फाचं.

अस्वल पंधरा मिनिटं जहाजाच्या बाजूने चाललं. त्याचे पंजे चालताना थोडे आत वळतात, आपल्या गल्लीतल्या कुलूपवाल्यासारखे. एकदा त्याने नाक वर करून आमचा वास घेतला आणि फुस्स केलं. ते फुस्स सगळ्यांना ऐकू आलं. मग पाण्यात उतरलं आणि गेलं.

पक्षीवालीने माझ्या चष्म्यावरचे ठिपके बघितले. मला वाटलं आता हसेल. ती म्हणाली, "मी नवीन माणसाला हेच शिकवते. दुर्बीण नंतर. आधी नजर सैल सोडायची. हललेलं कडेच्या नजरेला आधी कळतं. पण लोकांची टक लावायची सवय जात नाही."

मी म्हटलं, "माझी बहीण रोज असंच बघते. दुसरं काही तिला बघताच येत नाही."

"मग त्यांना आणायचं ना," ती म्हणाली.

दंतवैद्यांची बायको शेजारीच उभी होती. तिला मी सांगितलं होतं की तुला बरं नव्हतं. तिच्यासमोरच म्हणाले, "ती यायला तयार होती. मीच आणलं नाही." तिने हात पुढे केला. माझ्या कोटाची कॉलर उलटली होती, ती तेवढी सारखी केली.

तू असतीस तर तुला माझ्या आधी दिसलं असतं, ताई. मी कालपासून कडेने बघतेय, तू दीड वर्ष बघतेस. 'त्यांना आणून काय दाखवणार', असं म्हणणारीची जीभ झडायला हवी होती.

आता एकच राहिलं. ते पुढच्या पत्रात. नंतर बंदर येतं, पेटी उघडते, पुढे ढकलायला जागा उरत नाही.

तुझा,
भुंगा


पत्र चौथं
२१ जुलै

ताई,

टिल्ले, आधी आईला खुर्चीत नीट बसव. तूही बस. दारावर कोणी आलं तर उघडू नकोस. आणि हळू वाच.

नंबर काढायच्या खोलीतला तक्ता आठवतो ना? मी काय विचारतेय! तो रोज सकाळी तूच पुसायचीस. ओलं फडकं वरून खाली, आणि तोंडाने ओळी म्हणत म्हणत. एकतीस वर्षं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तू शेवटची ओळ उलटी म्हणून दाखवली असतीस. म्हणून तुझे डोळे तपासायला मी दुसरा तक्ता आणून कपाटात गुंडाळून ठेवला होता. तू म्हणायचीस, "माझ्यासाठी कशाला एवढा थाट?" मी म्हणायचे, "तू लबाड आहेस म्हणून." सुरुवातीची काही वर्षं दर वर्षी तो काढला. मग कपाटापुढे फ्रेमचे खोके साठले, ते कोण हलवणार, म्हणून सोडून दिलं. नेहमीच्याच तक्त्यावर तुला वाचायला लावायचे. तू धडाधड वाचायचीस, मी 'छान' म्हणायचे आणि आपण चहा घ्यायचो.

तीन वर्षांपूर्वीचा तो सोमवार. दुकान उघडायच्या आधी तुला खुर्चीत बसवलं. तुझा डावा डोळा त्या काळ्या प्लास्टिकच्या चमच्याने झाकला, उजव्याने वाचायला सांगितलं. तू वरून वाचत आलीस, कुठे अडली नाहीस. शेवटच्या दोन ओळीही वाचल्यास, एक अक्षर चुकली नाहीस.

ताई, त्या दोन ओळींमागची ट्यूब गेली होती. तक्त्याचा खालचा भाग काळोखात होता. मी तुझ्याहून जवळ उभी होते, चष्मा लावून मला स्वच्छ दिसतं, आणि मलाही त्या दोन ओळी वाचता येत नव्हत्या.

तुला दिवा गेलाय हेही कळलं नव्हतं.

मला त्या क्षणी सगळं कळलं. नंतर कळलं असतं, शंका आली असती, तर गोष्ट वेगळी. तिथेच, चमचा तुझ्या डोळ्यावर धरलेला असताना कळलं. चमचा बाजूला घेतला. आणि मी म्हणाले, "छान."

का, ते सांगते. ऐकायला बरं वाटणार नाही. मला गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलता येत नाहीत. लोक यायचे ते तुझ्यासाठी. तू दवाखान्यात अडकलीस, काउंटर सोडलास, तर दुकान सहा महिन्यांत बसलं असतं आणि मला घरी बसावं लागलं असतं. मला दुकानाशिवाय काही नव्हतं. तुला टिल्लू होती. म्हटलं, पुढच्या महिन्यात नीट बघू. पुढच्या महिन्यात गर्दी होती. मग दुकान विकायचंच निघालं, म्हटलं आता सुट्टीच आहे, बघू. त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी मी काय केलं, तर ट्यूब बदलली. तुला दवाखान्यात नेलं नाही. ट्यूब बदलली.

दीड वर्षाने तू टिल्लूला दारात ओळखलं नाहीस, तेव्हा गेलो डॉक्टरकडे. ते म्हणाले, "वर्षभर आधी आला असतात तर इंजेक्शनांनी बरंचसं थांबवता आलं असतं. कधी तपासले नव्हते का डोळे?" तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतंय? ताठ बसून म्हणालीस, "दर वर्षी तपासते माझी धाकटी. तिच्या नजरेतून काही सुटत नाही." माझी बाजू घेतलीस. डॉक्टरांवर जवळजवळ चिडलीस. मी खाली मान घालून फरशीकडे बघत होते. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. माझी दातखीळ बसली, ती आजपर्यंत.

तू पाठ म्हणत होतीस हे तुलाही ठाऊक असणार. तुलाही भीती वाटली असेल. त्याबद्दल मी तुला कधी काही विचारणार नाही. वाचणारीने घाबरून काहीही म्हणावं, तपासणारी मी होते.

तू माझ्याशी बोलत नाहीस ते त्या फोनमुळे, असं तुला वाटतंय. आता तुला खरं कारण मिळालं. हे ऐकूनही अबोला तसाच ठेवलास तर तो मला लागू आहे. मी दारातून परत जाईन, भुणभुण न करता. पण तुला चुकीच्या गोष्टीसाठी माझा राग येतोय आणि मोठी गोष्ट मी लपवून बसलेय, हे मला आता सोसत नाही. चौदा दिवस त्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून झोपले. तुला आणलं असतं तर पहिल्याच दिवशी हे ओठांवर आलं असतं, म्हणून आणलं नाही. तेच ते खरं कारण.

आता दुसरी गोष्ट. पुढच्या जुलैत हेच जहाज पुन्हा निघतं. ऑफिसातल्या बाईने विचारलं, नाव टाकू का? मी म्हटलं, माझं नको, ताईचंही नको. तुला न विचारता एकदा नाव काढलं. न विचारता घालणार नाही. यायचं असेल तर माझ्याबरोबरच ये असंही नाही. टिल्लूला घेऊन ये. पक्षीवालीला मी सांगून ठेवलंय की एक बाई येईल, तिला दुर्बीण देऊ नका, नुसतं कठड्याशी उभं करा.

आज सकाळी उतरताना बिल्ला उलटा केला आणि त्या मोकळ्या खिळ्याला तुझी टोपी अडकवून गेले. परत आले तर फळ्याशी बसणारा बुचकळ्यात पडला होता, एक माणूस बर्फावर राहिलं की काय म्हणून. मी म्हटलं, राहिलं खरं, पण ती चूक माझी आहे, तुम्ही शोधू नका.

टिल्ले, या पाकिटात आणखी एक कागद आहे, घडी घातलेला. तो तू वाचायचा नाहीस. आईच्या हातात दे आणि बाहेर जा. तिला आवाज दिल्याशिवाय येऊ नकोस.

ताई, तो कागद तू वाच. जहाजाच्या दुकानातून जाड काळं पेन आणलं आणि तळहाताएवढी अक्षरं काढली आहेत. कागद खिडकीपाशी ने. चहाचा कप उचलताना तू जरा डावीकडे बघतेस आणि कडेने कप शोधतेस, हे मी पाहिलंय. तसंच बघ. पहिली ओळ सगळ्यात मोठी आहे, मग उतरत्या, आपल्या तक्त्यासारख्याच. फक्त या तुला पाठ नाहीत.

घाई करू नकोस. जिथे दिसेनासं होईल तिथे थांब आणि अंदाजाने पुढे जाऊ नकोस. मी आले की मला सांग, कुठल्या ओळीपर्यंत गेलीस. या वेळी मी 'छान' म्हणणार नाही, जे असेल ते नीट ऐकून घेईन. तेवढं सांगण्यापुरतं तरी दार उघड.


चुकले

माझ्याशी बोल

पुढच्या वर्षी येशील?

तुझा भुंगा